शेवटच्या रांगेतले प्रश्न

१४ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (साष्टांग घालायला खोलीत जागा नाही, मध्ये तिघांच्या ट्रंका आहेत. उभ्याउभ्याच मान्य करून घे.)

विद्यापीठात पोचलो. म्हणजे फाटकाशी पोचलो. वर्गाशी पोचायला तिसरा दिवस उजाडला. इथे इमारतींना अक्षरं आहेत आणि 'क'मधून 'ड'मध्ये जायचं तर ते फक्त तिसऱ्या मजल्यावरून जाता येतं, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही. ज्याला विचारावं तो स्वतःच नवा निघतो. एका गृहस्थांनी मात्र मोठ्या आत्मविश्वासाने वाट दाखवली, तर मी पाण्याच्या टाकीपाशी निघालो. तिथे आणखी चार जण उभे होते.

मानसशास्त्राच्या वर्गात आम्ही सहाशे. शिकवणाऱ्या बाई लांबून अंगठ्याएवढ्या दिसतात आणि आवाज माईकमधून येतो. मला जागा मिळाली शेवटच्या रांगेत, त्यामुळे आठ दिवस मी नुसती डोकी बघतोय, तीही मागून. चेहरा एकाचा ओळखणार नाही. पण कुणी घरच्या घरी केस कापलेत आणि कुणाचे कापताना वस्तरा बोथट होता, ते सगळं पाठ झालंय. पुढच्या बाकावर एक दोन भोवऱ्यांचा आहे. कापणाऱ्याला त्यातला एकच दिसला असावा. शिवाय मानेवर चार केस लांब राहून गेलेत. व्याख्यान कशावर झालं ते विचारू नकोस, मी त्या चार केसांकडे बघत होतो.

ताई, स्पष्टच लिहितो. मला परत यायचंय. एवढ्या गर्दीत मी कुणाला माहीत नाही. काल जेवणघरात एकाने जरा सरकायला सांगितलं, तेवढ्यानेही बरं वाटलं. दुकानात कात्री घेऊन बाबांच्या खुर्चीमागे उभा राहिलो की माझे हात आपोआप चालतात. इथे ते कुठे ठेवावेत तेच कळत नाही. तू आईशी बोल, ती तुझं ऐकते.

लोभ आहेच. मी अचानक दारात उभा राहिलो तरी तो आटू देऊ नये.

तुझा,
कुरळ्या


२३ जुलै

चि. कुरळ्यास,

अ. उ. आ. (अनेकांतला एक मागे ठेवला आहे. पास झालास की पाठवीन.)

आईशी बोलले नाही आणि बोलणारही नाही. बाबा गेल्यापासून दुकान मी सांभाळते आहे. प्रवेश आपल्या दोघांना मिळत होता आणि दुकान सोडून एकालाच जाता येत होतं, तेव्हा माझी पाळी मी तुला दिली. कशी दिली ते माझं मला माहीत. ती तू अशी अर्धी खाऊन टाकलेली मला परत नको. पहिलं वर्ष पास हो, मग बोलू.

दुकानात तुझी आठवण फार निघते, त्यात माझी स्तुती नसते. परवा निवृत्त हेडमास्तर आले होते. माणसाला स्वतःचा आवाज परका का वाटतो, हे मी त्यांना विचारत होते, तेवढ्यात डावा कल्ला बोटभर वर गेला. म्हणून उजवा वर घेतला. तो जास्त झाला, म्हणून पुन्हा डावा. असं करत करत कल्ले संपले. आई म्हणाली की कात्रीपेक्षा माझी जीभ जास्त चालते.

आता तुझी शिक्षा. दर पत्रात निदान एका तासाला काय शिकवलं ते नीट लिहायचं. आणि मला पडलेला एक जुना प्रश्न त्या बाईंना विचार. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक आरशातून माझ्याकडे बघत बायकोलाही न सांगितलेल्या गोष्टी सांगतं. तोच माणूस संध्याकाळी बाजारात समोर आला की मान फिरवतो. समोरासमोर जे बोलवत नाही ते आरशात बघून का बोलवतं? सहा वर्षं मला याचं उत्तर मिळालेलं नाही.

लोभ करतेच आहे. तासाला हजर राहिलास तर जास्त करीन.

तुझी,
ताई


१० ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (ट्रंका कॉटखाली गेल्या. या खेपेचा नमस्कार पूर्ण आडवा आहे.)

दोन भानगडी झाल्या. पहिली म्हणजे ते चार केस मला बघवेनात. सोमवारी दिवे घालवून पडद्यावर चित्रं दाखवत होते. मी खिशातली छोटी कात्री काढली आणि कापून टाकले. त्याला कळणार नाही असा माझा अंदाज होता. त्याला कळलं. तास संपल्यावर तो वळला आणि त्याचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. डोक्याच्या मानाने तो बराच मोठा आहे. मी काय केलं, असं त्याने विचारलं. खोटं काही सुचेना, म्हणून खरं तेच सांगून टाकलं. त्याने मानेवरून हात फिरवला, जरा विचार केला आणि वरचेही नीट करून मिळतील का, अशी चौकशी केली. आता दर रविवारी मी वसतिगृहाच्या गच्चीवर खुर्ची मांडतो. त्याचं नाव मी 'डबल भोवरा' ठेवलंय. आईला यातलं काही सांगू नकोस.

दुसरी भानगड तुझी. बाईंनी काही शंका असतील तर विचारा म्हणून माईक फिरवला. पुढच्यांनी तो मागे ढकलला, त्यांनी आणखी मागे, असा येत येत तो माझ्या हातात आला आणि माझ्या मागे भिंत. सहाशे डोकी वळली. ताई, तोंडं, सगळी एकदम! दुसऱ्या हातात तुझं पत्र होतं, तेच वाचायला लागलो. घाईत अगदी वरपासून वाचलं, त्यामुळे बाईंना आधी अनेक उत्तम आशीर्वाद गेले. हसून हसून लोक बाकांवर आडवे झाले. मग आरशाचा प्रश्न आला आणि हसणं थांबलं. बाई चक्क व्यासपीठावरून खाली उतरल्या. याचं पक्कं उत्तर आपल्याकडे नाही, पण पुढचे दोन तास आपण यावरच बोलू, असं म्हणाल्या आणि खरंच बोलल्या. ते सगळं वेगळ्या कागदांवर लिहून पाठवलंय. मी पहिल्यांदाच इतकं लिहून घेतलं.

त्यांनी मला नाव विचारलं, ताई. आता दर आठवड्याला माईक थेट माझ्याकडे येतो आणि माझ्याजवळचा प्रश्न संपलाय. उलट टपाली आणखी पाठव.

लोभाबरोबर प्रश्नही असू द्यावेत.

तुझा,
कुरळ्या


२८ ऑगस्ट

चि. कुरळ्यास,

अ. उ. आ. (हे मात्र तुझे तू ठेव, वर्गात वाटू नकोस.)

तुझे ते कागद मी तीनदा वाचले. तिसऱ्यांदा दुकानात मोठ्याने वाचले, तेव्हा दाढीला आलेला गवंडी म्हणाला की ऐकायला छान आहे, पण साबण वाळतोय.

प्रश्न घे. अर्धी दाढी झालेली असताना वीज गेली, तर इतका वेळ मुकाट बसलेली माणसं अंधारात एकमेकांशी गप्पा का मारायला लागतात? आणि दुसरा. केस मनासारखे कापले गेले नाहीत, तरी माणूस 'छान' म्हणून उठतो आणि पुढे आठवडाभर टोपी घालतो. तोंडावर खरं का सांगत नाही? ही बाब सध्या मी फार जवळून बघते आहे. हेडमास्तरांनी नवी टोपी घेतली.

खरं सांगू? रात्री दुकान झाडताना वाटतं की आज मी शिकून आले. मग लक्षात येतं की मी गेलेच नव्हते. असो, हे वाचून मान खाली घालून बसू नकोस. विचारत राहा.

लोभ प्रश्नांसोबत जोडून पाठवला आहे, वेगळा काढून घ्यावा.

तुझी,
ताई


२ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (या खेपेला खरोखर पाया पडतो, कारण खाली लिहिलंय.)

आपलं बिंग फुटलं. म्हणजे मीच फोडलं.

बाईंनी मला विभागातल्या त्यांच्या खोलीत बोलावलं. पुढच्या वर्षी बारा जणांचा एक छोटा गट त्या घेणार आहेत. शेजारी बसून शिकायचं, माईक नाही. त्यातली एक जागा त्यांनी मला देऊ केली आणि हे प्रश्न सुचतात कसे, असं विचारलं. मी निरीक्षण वगैरे पुटपुटलो. मग सध्या कशाचा विचार चालू आहे, असं त्यांनी विचारलं. ताई, माझ्या डोक्यात एकच विचार होता, की यांचे डावीकडचे केस उजवीकडच्यांपेक्षा लांब आहेत. बाईंना माझी नजर कळली. काय बघतोय ते विचारलं, मी सांगितलं. वेळ मिळत नाही म्हणून स्वतःच कापते, असं त्या म्हणाल्या आणि जरा ओशाळून, तुला सारखे करता येतील का, असंही म्हणाल्या. कात्री खिशात होतीच.

आरसा नव्हता, म्हणून त्यांची खुर्ची खिडकीच्या काचेसमोर फिरवली. तुझा प्रश्न खरा आहे गं. काचेत नजरानजर झाली आणि बाई आपणहून बोलायला लागल्या. इतकी वर्षं शिकवतात, पण सहाशेतल्या दहा जणांचीही नावं येत नाहीत. तास संपला की घसा दुखतो आणि तरी कुणाशी बोलल्यासारखं वाटत नाही, म्हणाल्या. ते ऐकून मलाही राहवेना. काचेत बघून सगळं ओकलो. प्रश्न माझे नाहीत, माझ्या बहिणीचे आहेत, तिची जागा मी अडवून बसलोय, आणि मला इथे फक्त रविवारची गच्ची आवडते.

माझी कात्री हवेतच राहिली. बाई म्हणाल्या, आधी दुसरी बाजू पुरी कर. ती पुरी झाल्यावर त्यांनी विचारलं की बहीण इथे का नाही. मी सांगितलं. बाई म्हणाल्या की मग जागा तुला देऊन उपयोग नाही, तिलाच बोलाव, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो. जूनमध्ये नवे प्रवेश आहेत, वयाची अट नाही. आधी वर्षभर मोठ्या वर्गात बसायचं, मग गट.

ताई, तू ये. मी वर्ष पूर्ण करतो, पास होतो आणि खुर्चीमागे उभा राहतो. याला त्याग वगैरे समजू नकोस. मला घरी यायला कारण हवंच होतं, आणि एवढं चांगलं कारण पुन्हा मिळणार नाही.

लोभ गुंडाळून ट्रंकेत भरावा आणि निघावं.

तुझा,
कुरळ्या


१५ डिसेंबर

चि. कुरळ्यास,

अ. उ. आ.

पत्र वाचून मला रडू आलं. खुर्चीत गवंडी होता. मी त्याचे केस बघून रडते आहे असं वाटून तो घाबरला.

पण मला जमणार नाही. तुझ्या आडून विचारणं सोपं होतं. तिथे मी सगळ्यांपेक्षा आठ वर्षांनी मोठी, तोंड उघडलं तर हसतील, नाही उघडलं तर कुणाला कळणारही नाही मी आले होते ते. तुला सहाशेत एकटं वाटलं, तर माझं काय होईल? इथे निदान गिऱ्हाईकं मला ओळखतात, ओळखून टाळत असली तरी. मला भीती वाटते, हे तुला लिहायची लाज नाही वाटत. तेव्हा हा विषय इथेच थांबव.

लोभ आहे तसाच ठेव, त्यात हट्ट मिसळू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. पाकीट ताईने टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, मी उघडून लिहिते आहे. दोघांपैकी कोणी जावं हे ठरवताना धाकटा कोण एवढंच मी पाहिलं. कुणाला काय हवंय ते विचारायला हवं होतं. हेडमास्तर आता घरातही टोपी घालतात. अजून वर्षभर असं चाललं तर दुकान बंद पडेल. तू पास हो आणि ये. तिची ट्रंक मी माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे. तिला सांगितलेलं नाही. आणि गच्चीचं मला ऑगस्टपासून माहीत आहे, ती तुझी पत्रं मोठ्याने वाचते. — आई


२० जुलै

चि. कुरळ्यास,

अ. उ. आ. (पास झाल्याबद्दल मागे ठेवलेला आशीर्वादही यात धरला आहे.)

'क'मधून 'ड'मध्ये तिसऱ्या मजल्यावरून जातात हे पक्कं माहीत असूनही मी पाण्याच्या टाकीपाशी गेले. तिथे सहा जण होते, सगळ्यांना मी वाट दाखवली. डबल भोवरा भेटला. तुझ्याशिवाय गच्ची सुनी झाली म्हणतो आणि त्याच्या मानेवर पुन्हा चार केस आले आहेत.

आईने ट्रंक भरून दारात ठेवली म्हणून मी निघाले, आणि निघताना तू हट्टाने माझे केस कापलेस तेव्हा कुरकुरले होते ना? आता ऐक. पहिल्या तासाला मी तुझ्या शेवटच्या रांगेत बसले. माईक फिरला. पुढच्यांनी ढकलला, मधल्यांनी ढकलला, आणि तो माझ्या हातात आला. दहा प्रश्न तोंडपाठ होते, त्यातला एक आठवेना. हात इतका थरथरत होता की माईक बाकावर वाजत होता. मी मान खाली घातली, आता उठून घरी जायचं, असं ठरवलं सुद्धा.

तेवढ्यात बाई आवाज करणारा माईक बघायला पायऱ्या चढून वर आल्या आणि माझ्या बाजूला येऊन थांबल्या. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. मानेकडे बघितलं, डावी बाजू बघितली, उजवी बघितली. मग सहाशे जणांसमोर म्हणाल्या की ही कात्री माझ्या ओळखीची आहे, आणि मला विचारलं, की या खेपेला प्रश्न स्वतः आणलाय की टपालाने यायचाय.

कुरळ्या, मी हसले, आणि हसता हसता विचारला.

हेडमास्तरांचे कल्ले वाढले की मला कळव.

लोभ आहे, या वर्षी तो माझ्याकडून टपालाने येईल.

तुझी,
ताई