डाग टीव्हीवर आहेत

दादा,

उठलास की आधी हे वाच, मग सिंहासनावर बैस.

आईच्या टीव्हीला तू कॉम्प्युटर जोडलास तेव्हाच सांगितलं होतं, ब्राइटनेस कमी ठेव, खालची पट्टी लपव आणि उठताना स्क्रीन बंद कर. पण पालथ्या घड्यावर पाणी! वर वीज वाचवायची म्हणून भिंतीवरचं बटणही बंद करतोस. अरे शहाण्या, नुसता रिमोटने बंद केला तर हा टीव्ही आपली स्क्रीन आपणच सुधारतो. तेवढी वीज त्याला लागते. तुझा पंखा मात्र रिकाम्या खोलीत दिवसभर गरगरतो.

काल बातम्या बघताना आईला डाग दिसले. मी पूर्ण पांढरी स्क्रीन लावून पाहिली. महिनोन्महिने एकाच जागी राहिलेलं चित्र तिथे कायमचं उमटलंय. आठ महिने हॉलचं दार लावून नोकरीचे अर्ज भरतोयस ना? उमटलेत ते कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांच्या खेळाचे सात ढीग.

आईला पत्ते ओळखू येत नाहीत. तिला वाटतंय, ऑपरेशन केलेला डोळा पुन्हा बिघडला. कालपासून नुसती चष्मा पुसतेय. आज चारला डॉक्टरकडे जायचं म्हणून जुने कागद पर्समध्ये भरून बसलीय.

त्याआधी तिला खरं सांग. ते जमणार नसेल, तर निदान तिच्याबरोबर जा. डोळा ठणठणीत आहे असं डॉक्टर म्हणतील, आणि मग ते डाग कसले, असं ती तुला विचारेल. आठ महिन्यांतली तुझी पहिली मुलाखत तीच.

धाकटी