विंगेतली मुलगी

तीर्थरूप आईस,
दुरूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. नाटक जोरात चाललंय. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस, कितीदा सांगायचं!

घशाचं विचारलंस. डॉक्टर म्हणाले, तूर्त गाणं बंद. पण माझ्याकडे न बघता म्हणाले. काळजी करू नकोस, भूमिका माझीच आहे. गाणं आलं की मी नुसते ओठ हलवते आणि विंगेत उभी राहून एक नवी मुलगी गाते. माझा खांदा श्वासाला उचलला की ती सूर लावते. गुणी आहे पोर. तीन महिने झाले, कुणाला पत्ता नाही. परवा टाळ्या थांबेनात. मी वाकून त्या घेतल्या, तेव्हा ती विंगेत पाणी पीत होती.

तुम्ही दोघं नाटकाला येणार म्हणतेस. तू ये, अगदी पुढे बस. बाबांना मात्र काहीतरी सांगून घरीच ठेव. माझा पहिला सूर त्यांनीच लावून घेतलाय, आणि नजर गेल्यापासून त्यांना मी फक्त ऐकू येते.

हे पत्र त्यांना वाचून दाखवशील, तेव्हा गुडघ्याच्या ओळीपाशीच थांब.

तुझी,
थोरली