ढोरचोर या शब्दाचं कार्ड

प्रिय दादा,

शब्दकोशाच्या कामात आम्ही अजून कार्डंच वापरतो. वर शब्द, मध्ये अर्थ, खाली वापराचं एक वाक्य. गेल्या आठवड्यात माझ्या गठ्ठ्यात ‘ढोरचोर’ आला. अर्थ लगेच लिहिला: गुरं चोरणारा. वाक्याची ओळ कोरीच राहिली. संपादक म्हणाले, बाई, एवढ्या सोप्या शब्दावर अडलात? मी म्हटलं, चहा घेऊन येते. चहा घेतला, कप विसळला. काहीच वाटलं नाही.

वाक्यं मला पाठ आहेत. बाबा दूध घालायला गेले की डॉक्टरीणबाई फाटकातूनच म्हणायच्या, ढोरचोराकडचं दूध नको. वर्गातल्या मुली मला बघून हंबरायच्या. शाळेतल्या सिस्टर त्यांना गप्प करायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत. आणि एकोणीस वर्षांचा तू बाबांच्या तोंडावर म्हणालास, ढोरचोराच्या घरात मी राहणार नाही. बाबा धार काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. तू गेल्यावर त्यांनी दूध गाळलं आणि मला म्हणाले, चिमणे, वेणी घाल, शाळेला उशीर होतोय.

ती तांबडी कालवड मला शाळेच्या वाटेवर भेटली होती, दादा. गळ्यात तुटलेलं दावं लोंबत होतं. डब्यातलं केळं दिलं, तर मागे मागेच आली. मी तिला चाऱ्याच्या खोलीत कोंडलं. वाटलं, एक दिवस तरी आपली राहील. सकाळी मालक शिपायाला घेऊन आला. बाबांनी माझ्या युनिफॉर्मवरचे तांबडे केस पाहिले आणि म्हणाले, मीच आणली. शिपायाने त्यांना सायकलीच्या पुढे चालवत नेलं. मी अकरा वर्षांची होते. मग बाराची झाले, मग बावन्नची. बोलले नाही.

बाबा हॉस्पिटलात आहेत, खिडकीजवळच्या खाटेवर. डॉक्टर म्हणतात, चार दिवस. फोनवर तू म्हणालास, त्या माणसाशी माझा संबंध नाही, आणि ठेवून दिलास. म्हणून हे पत्र तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. कार्डावरची ओळ आज भरली: ‘ढोरचोर मी होते, शिक्षा बाबांनी भोगली.’ संपादक ती खोडतील. तू खोडू नकोस, ये. दार वाजलं की बाबा विचारतात, तो आला का? मी दर वेळी सांगते, नर्स आहे.

तुझीच,
चिमणी