नाही असलं तरी कळवा

सोम., ३ नोव्हें.

दिवाळीची चकली अजून डब्यात आहे आणि पुण्याच्या मुख्य ऑफिसातून कुलकर्णी सरांचं फर्मान आलं. भरतीसाठी सॉफ्टवेअर घ्यायचंय. अर्ज घेणं, चाळणं, मुलाखती लावणं, सगळं एकाच ठिकाणी, तिन्ही कारखान्यांसाठी. तीन कंपन्या आपापलं दाखवणार. समितीत लोणी देवकर कारखान्याकडून मी, कारण इथली भरती मी बघते. जानेवारीत आमची नवी शेड सुरू होतेय, त्यामुळं घाई.

तात्यांना सांगितलं. तात्या म्हणजे आमचं टाइम ऑफिस. कारखान्याची पहिली वीट रचली तेव्हापासून अर्ज तेच घेतात, लाल वहीत नाव-गाव लिहितात.

"वहीला काय धाड भरली?"

"तुमच्याशिवाय कुणाला वाचता येत नाही ती."

"चांगलंच हाय की मंग."

बुध., ५ नोव्हें.

सॉफ्टवेअर घ्यायचं तर आधी आपल्याकडं अर्ज येतात कुठून ते तरी बघू, म्हणून दिवसभर तेच केलं. ई-मेल. सुपरवायझरांचे फोन. तात्यांची वही. गेटवरची पत्र्याची पेटी. पेटीत अर्जांबरोबर निघालं: दोन लग्नपत्रिका, एक चष्मा, कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरविरुद्ध निनावी तक्रार (फार जोरात गाणी लावतो. खरं आहे).

आणि एक अर्ज. संगीता शिंदे, कन्हेरी. आयटीआय, इलेक्ट्रिशियन. मागच्या बाजूला पेनानं: "हा तिसरा अर्ज. आधीच्या दोन्हींचं उत्तर आलं नाही. नाही असलं तरी कळवा, म्हणजे दुसरीकडं बघता येईल."

आधीचे दोन शोधले. एक ई-मेलमध्ये सापडला, न उघडलेला. दुसरा कुठंच नाही. न उघडलेले आणखी इतके, की खाली सरकवता सरकवता अंगठा दुखला.

सहा वर्षं या खुर्चीत मी बसलेय. म्हणजे हे सगळे माझेच.

सोम., १० नोव्हें.

पहिलं प्रात्यक्षिक, पुण्याच्या ऑफिसात. नावं लक्षात राहत नाहीत म्हणून मी रंगानं ओळखते. आजचे निळे. परदेशी, मोठ्या मोठ्या कंपन्यांत चालतं म्हणे. दिसायला देखणं. तक्ते असे की कुलकर्णी सर खुर्चीत पुढं सरकून बसले. पण अर्जाची पानं अकरा, सगळी इंग्रजीत. बायोडाटा टाका, मग त्यातलंच सगळं परत हातानं भरा.

तात्यांना मुद्दाम सोबत नेलं होतं. ते एकदम म्हणाले, "सायेब, मोरगावच्या स्टँडवर बसून ह्ये भरायला घेतलं तर दोन यष्ट्या निघून जातील."

निळ्यांचा माणूस दिलखुलास हसला. त्यानं ते लिहूनही घेतलं.

मंगळ., ११ नोव्हें.

आज हिरवे. यांचं यंत्र अर्ज वाचतं आणि शंभरपैकी गुण देतं. "तुम्ही फक्त वरचे वीस बघायचे, मॅडम. बाकीचे दिसणारसुद्धा नाहीत."

हे ऐकताना सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. नंतर बसमध्ये भिगवण येईपर्यंत विचार करत होते की मला नेमकं कशाचं हायसं वाटलं.

घरी जेवताना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "गुण देतंय? मंग आपल्या राहुलसाठी स्थळं चाळतंय का बघ की." राहुल, म्हणजे धाकटा दीर, ताट घेऊन आत गेला.

गुरु., १३ नोव्हें.

पिवळे. पुण्यातलेच, दोघी मैत्रिणींची छोटी कंपनी. प्रोजेक्टर चालेना, मग नेट गेलं. तन्वी नावाची जी बोलत होती तिनं सरळ स्वतःचा फोन समितीत फिरवला. "यावरच बघा. तुमचे लोकही यावरच भरणार आहेत." मराठी. बोललं तरी लिहून घेतं. प्रमाणपत्राचा फोटो चालतो.

कु. सरांचा चेहरा मात्र पडलेला. "गोड आहे, पण आपल्याला पेलेल का?" खरं तर उलटं. आपण त्यांना पेलू का, असं त्यांना म्हणायचं असावं. तिघांत छोटे तेच.

शेवटी मी म्हटलं, सर, आपण आजवर घेतलेल्या लोकांचे जुने अर्ज काढू. नावं झाकू. तेच तीस अर्ज तिघांना देऊ. माणूस कसा निघाला ते आपल्याला माहीतच आहे, यंत्राला काय दिसतं ते बघू.

सर "करा" म्हणाले.

रवि., १६ नोव्हें.

संगीताचा फोन लागत नव्हता. आज सुट्टी. बारामतीहून कन्हेरी ती किती लांब, स्कूटर काढली. महेश, माझा नवरा, म्हणाला, "रविवारी पण भरती?" त्याला डाळिंबाची फवारणी होती म्हणून सुटले.

पडवीत बाई खाली बसून तांब्याची तार गुंडाळत होती. वार्निशचा वास. वर न बघताच,

"मोटर जळली का?"

"नाही, तुमच्या अर्जाबद्दल आले."

हात थांबले. "म्हंजी न्हाय सांगायला घरी येत्यात व्हय तुमच्यात?"

"नाही सांगायला नाही आले. हो सांगायलाही नाही."

"मंग?"

"उशीर झाला, ते सांगायला."

तिनं चहा टाकला. अर्जात शिक्षणानंतर सहा वर्षं कोरी आहेत. विचारलं. सासरा अंथरुणाला खिळून होता, त्याचं बघत पडवीत जळलेल्या मोटरींत नवी तार भरून दिली. निम्म्या गावाच्या विहिरीवरच्या मोटरी हिच्या हातच्या.

"मग अनुभवाच्या रकान्यात का नाही लिहिलं?"

"त्यात कंपनीचं नाव मागत्यात. पडवीचं नाव काय लिवू?"

मग म्हटलं, माझं एक काम कराल? तिन्ही कंपन्यांचे नमुन्याचे अर्ज तिच्या फोनवर उघडून दिले आणि गप्प बसले. निळ्यांच्या चौथ्या पानावर तिनं फोन माझ्या हातात दिला, "ह्ये तुमीच भरा." हिरव्यांचं पुरं झालं. पिवळ्यांना तिनं सगळं बोलून सांगितलं, पडवीसकट. शेजारची एक बाई मोटर जळाली म्हणून आली होती, तिचा आवाजही अर्जात गेला. "पाणी कधी येणार गं माझ्या उसाला" हे वाक्य संगीताच्या अनुभवात नोंदलंय. दोघी पोट धरून हसलो.

बुध., १९ नोव्हें.

तीस अर्जांचा निकाल आला.

हिरव्यांच्या यादीत पहिला आला तो गडी आमच्याकडं तीन दिवस टिकला होता. चौथ्या दिवशी हेल्मेट गेटवर ठेवून गेला तो गेला. आणि ज्याच्यावाचून दुसरी पाळी उभी राहत नाही, तो आमचा मारुती शेवटून दुसरा. त्याचा अर्ज मराठीत, हातानं लिहिलेला. यंत्राला धड वाचताच आला नाही.

शेवटचा कोण? तर एक अनोळखी अर्ज, शंभरात बारा गुण. तिसाच्या जागी एकतीस कसे झाले म्हणून कागद उलगडला. तात्यांचा! त्यांनी स्वतःचा जुनापुराणा अर्ज गुपचूप गठ्ठ्यात सारला होता. मला वाटलं, वाईट वाटेल. हे गृहस्थ दिवसभर कँटीनमध्ये सांगत फिरतायत, "बारा! नापास झालो की गा मी!" पोरं त्यांना आता बारातात्या म्हणायला लागलीत.

पण पिवळ्यांचंही सांगायला पाहिजे. त्यांना पेटीतले नवे अर्जही नावांसकट दिले होते, त्यांत त्यांनी दोन वेगवेगळ्या संगीता शिंदे एकच बाई समजून जोडून टाकल्या. एक कन्हेरीची, एक इंदापूरची. एकीची जन्मतारीख, दुसरीचं प्रमाणपत्र. आमच्या भागात एका नावाची माणसं किती, हे पुण्यात बसून कळायचं नाही. तन्वीला फोन केला. ती म्हणाली, "दोन दिवस द्या." सबब सांगितली नाही, ते आवडलं.

हे समितीत सांगावं की नाही? सांगितलं तर पिवळे गेले.

बुध., २६ नोव्हें.

पुण्यात शेवटची बैठक. तिन्ही कंपन्यांची माणसंही आलेली. बैठकीच्या टिपणात वरच निळ्यांचं नाव ठळक छापलेलं, म्हणजे ठरल्यातच जमा.

माझी पाळी आली. दोन संगीतांचं आधी सांगितलं. तन्वीनं दुरुस्ती करून पाठवली तेही सांगितलं. मग मारुतीचं. मग म्हटलं, तिघांना एकच विचारायचंय. ज्यांना घ्यायचं नाही त्यांना तुमचं सॉफ्टवेअर कधी आणि काय कळवतं?

निळे: तीन महिन्यांनी, इंग्रजीत ई-मेल. हिरवे: कळवत नाही, "त्यानं कंपनीची प्रतिमा सुरक्षित राहते." तन्वी: "तुम्ही सांगाल तेव्हा, तुमच्या शब्दांत."

कु. सर म्हणाले, "अश्विनी, आपण माणसं निवडायला बसलोय. नाकारायला नाही."

"सर, निवडणार तीस. नाकारणार बाकीचे सगळे. मग जास्त काम कुठलं?"

बोलून गेले आणि कान तापले. सरांनी चष्मा काढून पुसला.

ठरलं ते असं: ऑफिसच्या जागांसाठी निळे. कामगारांच्या भरतीला फक्त लोणीत पिवळ्यांची तीन महिने चाचणी. त्यानंतर बघू. "पिवळ्यांचं नाव मी अजून पेन्सिलीनंच लिहितोय," सर म्हणाले. चालेल.

परतताना कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरनं गाणी लावली. आज मीच म्हटलं, वाढवा आवाज.

सोम., ८ डिसें.

चाचणी सुरू. सकाळी गेट उघडायच्या आत अर्ज आलेले. एक बावडा, दोन भिगवण, एक मोरगावचा, त्यात मागं शेळ्यांचा आवाज. तात्या कॉम्प्युटरसमोर कमरेवर हात ठेवून उभे. "ह्यो शेळ्यावाला घ्यायचा. सकाळी लवकर उठतोय." बारातात्यांचे गुण द्यायचे निकष.

गुरु., ११ डिसें.

"निवड झाली नाही" हा मेसेज लिहायला तात्या आणि मी बसलो. पिवळ्यांनी नमुना दिलेला: "आपली उमेदवारी पुढे नेण्यात येत नसल्याबद्दल खेद वाटतो."

तात्या, "ह्यात न्हाय कुठं हाय?"

दोन तास घालवले. शेवटी: "नमस्कार. तुमचा अर्ज आम्ही वाचला. या वेळी निवड झाली नाही. पुन्हा भरती निघाली की याच नंबरवर कळवू." खाली माझं नाव.

तात्या "वाचला" या शब्दावर बोट ठेवून बसले. "ह्ये खरं असलं तरच लिवायचं." म्हणजे आता प्रत्येक अर्ज खरोखर वाचायचा. काम कमी करायला सॉफ्टवेअर आणलं होतं ना?

वाचतोय. अर्धे ते, अर्धे मी.

शनि., १३ डिसें.

आज इलेक्ट्रिशियनची चाचणी. संगीता आली, मैत्रिणीची पर्स आणि नवी चप्पल. चप्पल चावत होती, ती काढून ठेवून चाचणी दिली. बिघडवलेली मोटर समोर ठेवली तर ती आधी हात लावेना, कान देऊन ऐकत बसली. मग नुसतं "बेअरिंग" म्हणाली. बरोबर. लेखी मात्र काठावर. यादी इलेक्ट्रिकल विभाग करणार, मी नाही. मी विचारायलाही गेले नाही. तीनदा त्या दारावरून गेले तेवढंच.

बुध., १७ डिसें.

यादी आली. दहा नावं, आठवं संगीता शिंदे, कन्हेरी. जन्मतारीख तीनदा ताडून पाहिली, दुसरी संगीता नाही ना म्हणून.

फोन केला. मागं घरघर.

"संगीता, झालं तुमचं."

"काय म्हनलासा?"

"निवड झाली. एक तारखेला यायचं."

"थांबा थांबा, मोटर चालू हाय, बंद करून येते." घरघर थांबली. मग नाक ओढल्याचा आवाज आणि, "सांच्याला सासऱ्याच्या फोटूला सांगते. म्हातारा लई मागं लागला हुता, अर्ज कर म्हणून."

मी जागेवरून उठून खिडकीपाशी गेले. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग हायवेपर्यंत.

शुक्र., १९ डिसें.

आज नकार गेले. सगळ्यांना, एकदम, दुपारी. बटण तात्यांना दाबायला लावलं. त्यांनी आधी हात शर्टाला पुसला.

शनि., २० डिसें.

सकाळी येऊन बघते तर उत्तरं आलीत. असं होईल हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं, तन्वीच्याही नाही. बहुतेक "ठीक आहे", "आभारी आहे". एकानं हात जोडल्याचं चित्र. एकानं रागानं बरंच काही, ते इथं लिहीत नाही. आणि बावड्याच्या एका मुलीचं: "कळवल्याबद्दल धन्यवाद. कशात कमी पडले तेवढं सांगाल का? पुढच्या वेळेला तयारी करीन."

तिच्यासारखे आणखी बरेच. सॉफ्टवेअरमध्ये याला रकाना नाही. कु. सरांना फोन केला. ते म्हणाले, "प्रत्येकाला सांगत बसलात तर शेड कधी सुरू करणार?" त्यांचंही चूक नाही. पण "सांगू नका" असं काही ते म्हणाले नाहीत. चाचणीच्या अहवालात हे पिवळ्यांच्या बाजूनं धरतील की विरोधात, देव जाणे.

बारा वाजता शनिवारची बस सुटते. पावणेबाराला तात्यांना म्हटलं, तुम्ही निघा.

त्यांनी पिशवी परत खुंटीला अडकवली, खुर्ची फोनजवळ ओढली.

"बावड्याच्या पोरीचा नंबर सांगा."