डावीकडचा दीड इंच

१६ नोव्हेंबर १९९८, सोमवार
आजपासून ही वही. कारण गंभीर आहे. कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड स्क्रीनचा डावीकडचा दीड इंच खातंय. लग्नपत्रिकेचं पान उघडलं की डावी कड धूसर. कधी असते, कधी नसते.
तीस वर्षं कळव्यात बोर्ड रंगवले. दोरी न धरता सरळ ओळ काढणारा लिनो पेंटर म्हटलं की पार दिवा स्टेशनपर्यंत लोक ओळखतात. गेल्या वर्षी ब्रश ठेवला आणि पत्रिका छापायला हा कॉम्प्युटर घेतला. तेव्हा काय दिसतंय आणि काय नाही, हे मला कोणी शिकवू नये.
संकल्प: कार्डांची शास्त्रशुद्ध तुलना. भावना मध्ये आणायची नाही.

१७ नोव्हेंबर
सेसिलियाला दुकानात बोलावून स्क्रीन दाखवली. म्हणाली, सगळं तर दिसतंय रे, कुठे काय गेलंय? लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण बारकावे बघायची सवय तिला लागली नाही ती नाहीच.
वर म्हणे डोळे तपासून घे. माझ्या बाबांचंही नाव काढलं. बाबांचे डोळे वयामुळे गेले. शेवटची आठ वर्षं ओट्यावर बसून, कोण आलं रे, कोण आलं, असं विचारायचे. मी समोर उभा असलो तरी. त्याचा इथे काय संबंध?

२२ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर कल्याणला गेलो. मेव्हणा व्हॅलेरियन तिथे कॉम्प्युटरचे पार्ट विकतो. तक्रार सांगितली. म्हणाला, भावजी, कार्ड बिघडलं तर सगळीच स्क्रीन बोंबलते, एक बाजू कशी जाईल? विकणारा माणूस मालाची बाजू घेणारच. तरी चार एमबीचं एक ट्रायलला दिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाची बदनामी नको.

२४ नोव्हेंबर
तुलना. घड्याळ लावून.
माझं एक एमबीवालं: ८०० बाय ६००, पासष्ट हजार रंग. पान पूर्ण उमटायला ११ सेकंद. डावी कड गायब.
चार एमबीवालं: १०२४ बाय ७६८. रंग एक कोटी सदुसष्ट लाख! पान ६ सेकंदांत. डावी कड गायब.
स्पीड जवळपास दुप्पट, खोट तीच. म्हणजे दोन्ही कंपन्यांचा माल एकाच कारखान्यात बनत असणार.

३ डिसेंबर
नवीन प्रयोग. एकेक डोळा मिटून पाहिलं. डावा मिटला तर काही फरक नाही. उजवा मिटला तर स्क्रीन जवळजवळ काळीच.
निष्कर्ष: पेंटरकामात उजव्या डोळ्याने नेम धरायची सवय. डावा आळशी झालाय. हा प्रयोग पुन्हा करायचा नाही.

९ जानेवारी १९९९
वाईट दिवस. खारेगावचे दामाजीबाबा दुकानात आले. त्यांच्या नातीच्या लग्नाच्या चारशे पत्रिका परवाच दिल्या होत्या. पत्रिका माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, लिनो, मी मेलो कवा रं?
पाहिलं. आजोबांच्या नावाआधी 'कै.' छापलंय. आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडून त्यातच नवीन नावं टाकली होती, तो 'कै.' तसाच राहिला. अगदी डावीकडे.
दामाजीबाबा हसत होते. घरी मात्र सूनबाईने अपशकुन म्हणून रडारड केली आणि त्यांच्या बायकोने, मनुबाईंनी, दोन दिवस अन्न घेतलं नाही, असं सांगितलं. नवऱ्याला शेजारी बसवून त्याच्या नावाचा 'कै.' ऐकायचा. मान वर करता येईना. पत्रिका पुन्हा छापून देतो म्हटलं.
कागदावर प्रूफ का नाही पाहिलं, असं सेसिलियाने विचारलं. पाहिलं होतं. पण मुद्दा तो नाही. स्क्रीनवर नव्हतं ते कागदावर आलं, याचा अर्थ स्क्रीनवर दाखवणारं कार्डच दोषी. हे शेंबडं पोरही सांगेल.

१० जानेवारी
पत्रिका पुन्हा छापल्या. या वेळी सेसिलियाने वाचल्या. मी वाचू दिल्या, तिला बरं वाटावं म्हणून.

७ फेब्रुवारी, रविवार
आठ एमबीवालं कार्ड आणायला स्कूटरवर कल्याणला निघालो. शीळफाट्याला डावीकडून हातगाडी आली. आली म्हणजे, नव्हती आणि एकदम होती. गुडघा फुटला, हेडलाइट गेला, कलिंगडं रस्त्यावर. गाडीवाला म्हणाला, काका, दिसत नाय का? मी कवाचा हितंच उभा हाय.
लोक रस्त्यात कुठेही उभे राहतात.
व्हॅलेरियनने गुडघा धुतला. कार्डाचं एक अक्षर काढलं नाही. चहा पिताना एकदम म्हणाला, भावजी, मी येतो ना सोबत डॉक्टरकडे. मी त्याला मेमरीचा स्पीड विचारला.

८ फेब्रुवारी
आठ एमबी. पान ३ सेकंदांत! रंग काय सांगू. हळदीच्या पत्रिकेचा पिवळा खराखुरा हळदीचा वाटतो. इतका सुंदर पिवळा मी बोर्डावर कधी काढला नाही.
डावी कड: आता दोन इंच.
मेमरी जास्त म्हणून खातंही जास्त असावं.

१ मार्च
सोळा एमबीबद्दल चौकशी. व्हॅलेरियनने फोन ठेवून दिला.

१४ मार्च, रविवार
दामाजीबाबा पुन्हा आले. भला माणूस. म्हणाले, ती पेटी राहू दे, मला हाताने घराची पाटी काढून दे, तुझ्या हातची. 'मनुबाई निवास'. मला इतका आनंद झाला की लगेच रंगाचे डबे उघडले. ब्रश हातात घेतला की खरं काय ते कळेल. कार्डांनी माझी चार महिने बदनामी केली.

१५ मार्च
पाटी झाली. दोरी नाही, खडू नाही. मागे सरून पाहिलं, झकास. दामाजीबाबा आले, पाटीकडे बघत राहिले. मग मी मान वळवून पाहिलं.
सगळी अक्षरं उजवीकडे. 'निवास' कडेला चेंगरलेलं. डावीकडे हातभर पाटी कोरी.
बाबा म्हणाले, राहू दे, मनूला वाचाया कुठं येतंय. पाटी काखोटीला मारून घेऊन गेले. लावणार आहेत म्हणे.
पाटीच्या मागे कार्ड नसतं. शटर ओढून रडलो. मला बाबांसारखं ओट्यावर बसायचं नाही. भीती वाटते. नोव्हेंबरपासून वाटतेय.

२३ मार्च, ठाणे
सेसिलियाबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. एक मशीन आहे, घमेल्यासारखं. त्यात तोंड घालून बसायचं, दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. दोन-चार दिवे लागले, मग बराच वेळ काहीच नाही. बाईंना म्हटलं, मशीन हँग झालंय.
त्या म्हणाल्या, दिवे लागतायत, काका.
काचबिंदू. वडिलांकडून येतो. डावा डोळा जवळजवळ संपलाय, उजव्याचीही डावी बाजू गेलीय. गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला थेंब, रोज, जन्मभर. बाईंनी विचारलं, कधीपासून? पंधरा दिवस, मी म्हणालो. नोव्हेंबरपासून, सेसिलिया म्हणाली. बाई म्हणाल्या, चार-पाच महिने आधी यायला हवं होतं, बरंच वाचलं असतं.
चार महिने या वहीत आहेत. तारखांसकट, सेकंदांसकट.

२४ मार्च
कार्डं परत घेऊन जा, असं व्हॅलेरियनला फोनवर सांगितलं. सगळी चांगली आहेत, एकातही खोट नाही.  मला बरं वाटावं म्हणून असेल, त्याने विचारलं, भावजी, एवढा अभ्यास केलात, त्यातलं बेस्ट कुठलं?
म्हटलं, मला नाही सांगता येणार रे. मी एकाचंही चित्र पूर्ण पाहिलेलं नाही.