शिवेपलीकडचं घर

मंगळ., ८ जुलै
चुलत्यांचा, आण्णांचा फोन. गावात घरटी एकजण तापानं आडवा. शुक्रवारी मरगाईदेवीचा गाडा शिवेपार करायचा ठरलंय. गाव राखणारी तीच, साथ आणणारी तीच. म्हणून साथीसकट तिला पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचं. त्यांनी मग आणखी पुढं. वडील गेल्यापासून गाड्याला पहिला हात लावायचा मान माझा.
"तू न्हाय आलास तर गाडा जाग्यावनं हलायचा न्हाय बघ."
रजा नाही म्हणालो. खोटं. रजा आहे.
शिवेपलीकडं पहिलं घर थोरल्या बहिणीचं, आक्काचं. तिची लेक आरती बाळंतपणाला आलीय. आठवा महिना.

गुरु., १०
बायको, मेधा म्हणाली, "तुझा विश्वास नाही ना? मग ढकल की." नुसतं लाकूडच असेल तर भितो कशाला? आणि भितो तर...
आक्काला फोन करायचा होता. राहिला. राहिला नाही, केला नाही.

शुक्र., ११
गेलो. गुडघ्याएवढा गाडा. हिरवं कापड, बांगड्या, दहीभात. पुढं हलगी. हात लावला; वजन असं नाहीच. सोडल्यावर मागं बघायचं नसतं. बघितलं. आक्का दारात होती. आत गेली, कडी लावली.

रवि., १३
आरतीला ताप. शहरात दवाखान्यात ठेवलीय. डॉक्टर म्हणाले, डास चावल्यावर ताप यायला काही दिवस जातात. म्हणजे गाड्याच्या आधीचंच. हायसं वाटलं. मग लाज वाटली. गाडा मधे आणलाच का मी?
आक्का आरतीच्या उशाशी. मी म्हणालो, "गावानं ठरवलं होतं."
"गावाला हात असत्यात व्हय रे?"

सोम., १४
प्लेटलेट आणखी उतरल्या. बाळाचे ठोके ठीक. आक्का व्हरांड्यात आली.
"आमचं गडी समदं अंथरुणात. गाडा दारातच हाय अजून. पुढं न्यायला कोण उठंना. तूच ने."
"परगावच्यानं न्यायचा नसतो, आक्का."
"आणताना बरं चाललं."
पुढच्या शिवेवर कोण राहतं, विचारलं. मळ्यात एकच घर. सून ओली बाळंतीण.
विचारायला नको होतं.

मंगळ., १५
आक्काच्या सोप्यात. ती नि मी सकाळीच आलो. आरतीजवळ मेधा आहे. गाडा अंगणाच्या तोंडाला, कापड भिजून काळं. आत तिनं चहा केला, मला दिला, स्वतः घेतला नाही.
एवढं लिहून होऊ दे म्हणालो.
उंबऱ्यात उभी आहे. घाई कर म्हणत नाही.