दारांच्या खोळी

आई, आज तुझ्याशी थोडं भांडायचं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हक्कानं भांडायला मला दुसरं माणूस सापडलेलं नाही.

शिरूरच्या घरामागची आपली पत्र्याची शेड आठवते? तू मिशनच्या शिवणवर्गात शिकलेली, आणि तुझ्या हाताखाली गल्लीतल्या चार-पाच बाया. रांजणगावच्या कपाटांच्या कारखान्याला तुम्ही फ्लॅनेलच्या खोळी शिवून द्यायच्या. रंगवलेलं दार खोळीत घालून ट्रॉलीत ठेवलं, की एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेताना ओरखडा पडत नसे. खोळी मळायच्या, फाटायच्या, नव्या लागायच्या, आणि त्यावर तुम्हा सगळ्यांच्या चुली पेटायच्या. दुपारी डबे एकमेकींत फिरायचे, कंपनीतल्या साहेबांच्या नकला चालायच्या. मी कॉलेजातून आले की तिथंच जेवायचे.

मग कंपनीत नवा नियम आला. माल देणाऱ्या प्रत्येकानं दर महिन्याला एक नवी कल्पना द्यायची, आणि तिच्यातून कंपनीचं जेवढं भलं होईल तेवढे मार्क. मार्क कमी पडले की ऑर्डर कमी. तू आधी रंगीत दोरा सुचवलास, मग नाडी. खरेदी खात्यातला साहेब मोटरसायकलवरून आला आणि म्हणाला, "मावशी, असल्यानं भागणार न्हाई. कायतरी ठोस द्या." तू घाबरलीस. कधी नव्हे ते माझ्यावर खेकसलीस, "एवढी शिकतीस, मंग सांग की कायतरी." मला काय कपाळ सुचणार? सुचलं तुलाच, भाकऱ्या थापता थापता. "दाराला खोळ पायजेच कशापाई? ट्रॉलीच्या खणालाच आतनं अस्तर लावलं तर?" तव्यावरची भाकरी करपली, पण तू इतकी खुशीत होतीस की मीही टाळ्या वाजवल्या. अस्तर लागलं की खोळी लागणारच नाहीत, हे आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. बसलो होतो तीच फांदी आपण कापत होतो, आणि तीही हसत हसत.

कंपनीनं तुला शाल दिली, कुकर दिला. ती शाल पांघरून तू रविवारी उपासनेला गेलीस, आणि कुकरात पहिला भात लावून सगळ्या बायांना जेवू घातलंस. पुढच्याच आठवड्यात साहेब पुन्हा येतो. आत येत नाही, उंबऱ्यातच उभा राहतो.

"मावशी, आयडिया लई भारी निघाली. आता खोळी बंद."

"मंग अस्तर आमी शिवू की."

"ते ट्रॉलीवालाच लावून देतोय."

तू हातातलं कापड घडी घालून ठेवतेस. "आन् मार्क?"

"मार्क तुमालाच. पैकीच्या पैकी."

बाया कांदे काढायला शेतावर जायला लागल्या. तू मशिनी विकल्यास आणि घरोघरच्या साड्यांना फॉल लावत बसलीस. मी कंपनीला शिव्या घातल्या की म्हणायचीस, "त्येंचं काय चुकलं? नियमापरमानंच केलं त्येंनी." माझं भांडण याच्यावरच आहे. तू एकदा तरी चिडायला हवं होतंस. तू चिडली असतीस, तर आज मला कसं चिडायचं ते माहीत असतं.

कारण आता कुरकुंभच्या एका कंपनीत तसलेच मार्क मी देते. कुठल्या पुरवठादारामुळे कंपनीत किती नवं आलं, ते मोजायचं. एकदा मी वरच्या साहेबांना म्हणाले, ज्याच्या कल्पनेनं त्याचंच काम जातं, त्याला निदान दुसरं काम देऊ. माणूस वाईट नाही. म्हणाले, "मॅडम, आपण कंपनीचा फायदा मोजतो. त्यांचं नुकसान मोजत बसलो तर नवं काही होणारच नाही." मी जागेवर येऊन पुढच्या पुरवठादाराचे मार्क भरले.

खुटबावचा एक जण आम्हाला पिंपांखाली ठेवायचे लाकडी पॅलेट देतो. काल त्याचा फोन आला. "मॅडम, असं कायतरी सुचलंय, तुमचं साहेब खूश व्हतील. पॅलेटच लागायचं न्हाईत बगा." हसत होता गं. मी त्याला गप्प बसा म्हणू शकले असते. पण गप्प बसला तर मार्क नाहीत, आणि मार्क नाहीत तर ऑर्डर तशीही जाणार. मी म्हणाले, "उद्या या."

तो बाहेर येऊन बसला आहे. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. अशा किती कल्पना मिळवल्या, त्यावर माझेही मार्क ठरतात. त्याची कल्पना चांगली निघावी, असं मला मनापासून वाटतंय.